तळी, दलदल आणि वनराई यांतून जाणारी वाट

पाणी हा शेतीचा प्राण होय. तथापि जेथे पाणी अतोनात साचते, जमीन वर्षभर ओलीचिंब राहते आणि नांगराच्या फाळाला घट्ट भूमी सापडत नाही, तेथे शेतकऱ्याने काय करावे? युरोप खंडातील चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात त्र्शेबोन नावाचे लहानसे नगर आहे. त्याच्या भोवतालच्या सखल प्रदेशातील लोकांपुढे सुमारे पाचशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा होता. त्यांनी दलदलीशी वैर केले नाही. तिला शिस्त लावली. आज त्या प्रदेशात साडेचारशेहून अधिक तलाव, विस्तीर्ण वने आणि पीटच्या जुन्या दलदली एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत, आणि त्यांच्यामधून सोप्या पायवाटा काढलेल्या आहेत. भूमी सपाट असल्यामुळे या वाटांवर चढउताराचे कष्ट नाहीत. वृद्ध माणसे व शाळेतील मुलेही तेथे सुखाने चालू शकतात.

दलदलीतून तलाव

या प्रदेशातून लुझ्नित्से नदी वाहते. सोळाव्या शतकाच्या आरंभी श्त्येपानेक नेतोलित्स्की नावाच्या कुशल तलाव-बांधकाऱ्याने या नदीचे पाणी बंधाऱ्याने वळवून सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा एक पाट खोदविला. त्यास 'सोन्याचा पाट' असे नाव मिळाले. अगदी अल्प उतारावरून संथपणे वाहत हा पाट अनेक तलावांना पाणी पुरवितो व अखेर पुन्हा त्याच नदीस मिळतो. एवढ्या सपाट भूमीवर इतका लांब पाट चालता ठेवणे हे मोजणीच्या कौशल्याचेच काम होते.

त्यानंतर याकुब कर्चीन या कर्तबगार कारभाऱ्याने मोठे तलाव बांधले. इ. स. १५८४ ते १५९० या काळात बांधलेला रोझम्बेर्क तलाव सुमारे ४८९ हेक्टर क्षेत्राचा असून त्याची मातीची पाळ जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे. नदीच्या पुरापासून या तलावाचे रक्षण व्हावे म्हणून कर्चीनने 'नवी नदी' नावाचा कालवाही खोदविला व पुराचे पाणी नेझार्का नदीकडे वळविले. पाळ बांधण्याआधी पुराच्या पाण्याची वाट निश्चित करावी, हा धडा त्यातून मिळतो.

या दूरदृष्टीची खरी कसोटी ऑगस्ट २००२ मध्ये लागली. त्या महिन्यात मध्य युरोपात भीषण पूर आला. रोझम्बेर्क तलावात नेहमीच्या साठ्याच्या कितीतरी पट, सुमारे सात कोटी घनमीटर पाणी साचले. पाळ फुटती तर नदीकाठची खालची वस्ती संकटात सापडती. चारशे वर्षांहून अधिक काळ उभी असलेली ती मातीची पाळ टिकली.

'जगा'भोवतीची वाट

त्र्शेबोन नगराला लागूनच 'स्व्येत' नावाचा तलाव आहे. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ 'जग' असा होतो. म्हणून त्याच्या भोवतालच्या बारा किलोमीटरांच्या वाटेस 'जगाभोवतीची वाट' असे गमतीचे नाव पडले आहे. साधारण तीन-चार तासांत ही 'जगप्रदक्षिणा' पूर्ण होते.

या तलावाचे पहिले नाव मात्र 'कृतघ्न' असे होते. इ. स. १५७१ ते १५७३ च्या सुमारास तो बांधताना नगराबाहेरील वस्तीचा काही भाग पाडावा लागला, त्यामुळे नागरिक असंतुष्ट झाले. सार्वजनिक हिताच्या कामातही ज्यांचे घर जाते त्यांचे दुःख खरे असते, याची आठवण ते जुने नाव करून देते.

वाट प्रथम पाळीवरून जाते. पाळीवर जुने, भव्य ओक वृक्ष उभे आहेत. पुढे ती ओल्या कुरणांतून व पाइनच्या वनातून वळते. पाणपक्षी, बेडूक व चतुर यांची येथे वाण नाही. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड व पाणमांजर यांचाही या प्रदेशात वास आहे.

तांबड्या चिखलातील फळ्यांची वाट

नगराच्या दक्षिणेस 'चेर्वेने ब्लाटो', म्हणजे 'तांबडा चिखल', हे पीटच्या दलदलीचे राखीव क्षेत्र आहे. १९५३ पासून ते संरक्षित आहे. येथील काही किलोमीटरांच्या वाटेवर पाय रुतू नये म्हणून ठिकठिकाणी लाकडी फळ्या टाकलेल्या आहेत. त्यामुळे चालणाऱ्याचे पाय कोरडे राहतात. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे दलदलीचा नाजूक पृष्ठभाग तुडविला जात नाही.

पीट म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सहज समजेल. शेणखताच्या खड्ड्यात हवा व ऊब मिळाली की पालापाचोळा लवकर कुजतो. उलट जेथे थंड, आम्लयुक्त पाणी सदैव तुंबलेले असते व हवा पोहोचत नाही, तेथे वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. स्फॅग्नम नावाचे शेवाळ आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी स्पंजासारखे धरून ठेवते. वरून वाढते व खालून मरते. त्या मेलेल्या थरांचे पीट बनते. हा थर वर्षास साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे एक मीटर जाडीचा थर साठण्यास सुमारे एक हजार वर्षे लागतात. जे खोदण्यास एक दिवस पुरतो, ते घडविण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात.

अशा निकृष्ट भूमीतही विशेष वनस्पती वाढतात. पाइन वृक्ष, उग्र वासाची व पांढऱ्या फुलांची झुडपे आणि किडे पकडून आपली नत्राची गरज भागविणारी दवबिंदू ही वनस्पती तेथे आढळते. पूर्वी येथील पीट काचेच्या कारखान्यात जळण म्हणून वापरले जाई. त्र्शेबोन नगरात वाक्लाव हुत्सेक या शिक्षकाने १८८३ मध्ये पीटच्या लेपाने सांधेदुखीवर उपचार करणारे स्नानगृह सुरू केले. ते आजही चालू आहे.

वाटेवरील खुणा

चेक देशात पायवाटांच्या खुणांची पद्धत अत्यंत सुबोध आहे. झाडावर किंवा खांबावर तीन आडव्या पट्ट्यांचा लहान चौकोन रंगविलेला असतो. वरची व खालची पट्टी पांढरी, मधली तांबडी, निळी, हिरवी वा पिवळी असते. परका मनुष्यही त्या रंगामागे बिनचूक जातो. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या चेक पर्यटक मंडळाचे स्वयंसेवक या खुणा वेळोवेळी नव्याने रंगवितात. देशभर अशा वाटांची एकूण लांबी चाळीस हजार किलोमीटरांहून अधिक आहे. मोठा खर्च नव्हे, तर नियमित देखभाल हेच या यशाचे मर्म होय.

माशांचे पीक

हे तलाव केवळ शोभेचे नाहीत. त्यांतील मुख्य पीक कार्प माशांचे आहे. एकोणिसाव्या शतकात योसेफ शुस्ता या तज्ज्ञाने कार्प मासा काय खातो याचा बारकाईने अभ्यास केला. पाण्यातील सूक्ष्म जीव हे त्याचे मुख्य अन्न असल्याचे दाखवून त्याने तलावास चुना व खत देण्याची आणि माशांना पूरक खाद्य घालण्याची पद्धत रूढ केली. थंड हवामानामुळे तेथे मासा बाजारायोग्य होण्यास तीन ते चार वर्षे लागतात. शरद ऋतूत तलावाचे पाणी हळूहळू सोडून देतात. मासे पाळीजवळच्या खोलगट भागात गोळा होतात व जाळ्याने काढले जातात. हा मासा नाताळच्या आदल्या रात्री चेक घरोघरी शिजतो.

महाराष्ट्रातील मत्स्यशेतकरी ज्यास 'सायप्रिनस' म्हणून ओळखतात, तो याच जातीचा मासा होय. भारतात त्याचा एक वाण १९३९ मध्ये निलगिरीत व दुसरा १९५७ मध्ये कटक येथे आणण्यात आला. उष्ण पाण्यात तो एका वर्षात सुमारे एक किलोचा होऊ शकतो.

धोक्याची सूचना

अधिक उत्पादनाच्या हव्यासाने मात्र तेथेही हानी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तलावांत खत व खाद्य वाढले, शेतांतील खतेही वाहून आली. पाणी हिरवे व गढूळ झाले. अशा पाण्यात शेवाळ माजते. रात्री ते प्राणवायू शोषते व पहाटे मासे गुदमरतात. त्याचप्रमाणे दलदलीत चर खोदून पाणी काढले की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजते, भूमी खचते व सुकलेले पीट पेट घेते. खताप्रमाणेच पाण्याचा निचराही प्रमाणात असावा.

ग्रामसेवकांनी विचारात घ्यावयाच्या गोष्टी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची मोठी परंपरा आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले अनेक तलाव वनाच्या कुशीत आहेत. तेथे पुढील गोष्टी सहज करता येतील:

१. पावसाळ्यापूर्वी पाळ, मोरी व सांडवा यांची पाहणी करावी. सांडव्याच्या वाटेवर अतिक्रमण होऊ देऊ नये.

२. ओक वृक्षांचे अनुकरण करून मातीच्या पाळीवर मोठी झाडे लावू नयेत. मुळे कुजली की त्यांच्या पोकळीतून पाणी झिरपते. पाळीवर गवत राखावे. झाडे पाळीपासून दूर लावावीत.

३. तलावाभोवती शाळेच्या मुलांकडून रंगाच्या खुणांची वाट आखून घ्यावी. रोज पाळीवरून चालणाऱ्याला भेग, उंदराचे बीळ किंवा झिरपा लवकर दिसतो.

४. काठच्या शेतातील खत तलावात वाहून जाऊ नये म्हणून मध्ये गवताचा पट्टा ठेवावा.

वाट असली की माणसाची नजर तलावाकडे जाते, आणि नजर असली की तलाव सांभाळला जातो. तलाव बांधणारे हात केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्या पाळीवरून चालणाऱ्या पावलांवर आता त्या पाण्याची राखण अवलंबून आहे.