शब्दाची जात की शब्दाचे काम?

इंग्रजीतील 'पार्ट्स ऑफ स्पीच' यांना मराठी व्याकरणात 'शब्दांच्या जाती' म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, त्याची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये अशा आठ जाती आपण सर्वांनीच पाठ केल्या आहेत. पाली व्याकरणपरंपरा मात्र नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात या चारांवरच भागवते.

'जात' या शब्दाने विद्यार्थ्यांची एक पंचाईत होते. जात जन्मतः ठरलेली, असे समजून ते सुटा शब्द पाहताच त्याची जात सांगू लागतात. इंग्रजीत हे चालत नाही. 'राउंड' हाच शब्द घ्या. 'अ राउंड टेबल' यात तो विशेषण आहे, 'द फर्स्ट राउंड' यात नाम, 'दे सॅट राउंड द फायर' यात शब्दयोगी अव्यय आणि 'ही टर्न्ड राउंड' यात क्रियाविशेषण. रूप तेच, वाक्यातील काम निराळे, म्हणून ओळख निराळी. माणसाची ओळख जन्माने नव्हे तर कर्माने, हे वसलसुत्ताचे सार आपल्या मुलांना ठाऊक असतेच. शब्दाच्या बाबतीत ते त्यांना लवकर पटते.

उपवाक्यांचेही असेच आहे. 'व्हेन' आले की क्रियाविशेषण उपवाक्य, अशी ठोकळेबाज खूण अनेक मार्गदर्शकांत छापलेली असते. ती फसवी आहे. 'आय नो व्हेन ही विल कम' येथे 'काय ठाऊक आहे?' या प्रश्नाचे उत्तर मिळते, म्हणून ते नाम उपवाक्य. 'आय रिमेंबर द डे व्हेन ही केम' यात ते 'डे' या नामाविषयी सांगते, म्हणून विशेषण उपवाक्य. 'आय शॅल लीव्ह व्हेन ही कम्स' येथे जाण्याची वेळ कळते, म्हणून क्रियाविशेषण उपवाक्य. या शेवटच्या वाक्यात गोष्ट भविष्याची असूनही 'विल' येत नाही. पहिल्यात येते. उपवाक्याचे काम ओळखले नाही, तर ही चूक आयुष्यभर सुटत नाही.

लांब वाक्य समोर आले की आधी काळ दाखविणारी क्रियापदे शोधावीत. जितकी अशी क्रियापदे, साधारणपणे तितकी उपवाक्ये. 'टू गो' किंवा 'गोइंग' अशी रूपे मोजावयाची नाहीत. वरच्या वर्गांत या सरावासाठी संविधानाइतके चांगले पुस्तक मला दुसरे सापडलेले नाही. अनुच्छेद 17 चे पहिले इंग्रजी वाक्य 'अँड'ने जोडलेल्या दोन समान दर्जाच्या उपवाक्यांचे आहे: एक अस्पृश्यता नष्ट करते, दुसरे तिच्या पालनास मनाई करते. दुसरे वाक्य लांबलचक दिसते, पण त्यात काळदर्शक क्रियापद एकच आहे, 'शॅल बी'. 'अरायझिंग' पाहून मुले हमखास दोन उपवाक्ये मोजतात.

2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 21क याहून बोधप्रद आहे. त्याच्या मुख्य उपवाक्यात सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. 'ॲज'ने सुरू होणारे गौण उपवाक्य सांगते की, ते कोणत्या रीतीने द्यावयाचे हे राज्य कायद्याने ठरवील. वाचणाऱ्याला केवळ पहिला भाग दिसला, तर हक्क त्याच दिवशी हाती आला असे वाटेल. गौण उपवाक्यात उल्लेखिलेला तो कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.