आवाज बिघडवायचा, पण बेतानं

मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं १९६१ साली अमेरिकेत गाजलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत त्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग टेबलाचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बासचे सूर फाटून, घरघरत उमटले. तो तुकडा पुसला गेला नाही, उलट लोकांच्या लक्षात राहिला तो तोच. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग हा बिघाड हुकमी घडवून आणणारं छोटं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीनं १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावानं बाजारात आणलं. पुढे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधून तो आवाज जगभर पोचला.

गिटारवादकाच्या पायाशी असणाऱ्या ओव्हरड्राइव्ह पेडलचं कूळ हे असं आहे. त्यामुळे घरी जुळवलेलं पेडल बिघडलं की पेच पडतो. रेडिओ खरखरला तर तो बिघडला हे कुणीही सांगेल. इथे खरखर हेच यंत्राचं काम आहे. मग हवी ती खरखर कोणती आणि नको ती कोणती? उत्तर कानात आणि सर्किटात, दोन्हीकडे मिळून सापडतं. पेडलच्या प्रत्येक टप्प्याला एकच काम नेमून दिलेलं असतं, म्हणून प्रत्येक चुकीचा आवाजही वेगळा असतो.

हौशी मंडळी सर्वाधिक नक्कल करतात ती आयबानेझच्या ‘ट्यूब स्क्रीमर’ची. सुसुमु तामुरा यांनी आखलेलं हे सर्किट १९७९च्या सुमारास बाजारात आलं. त्यात गिटारचा संदेश आधी एका ट्रान्झिस्टरमधून जातो, मग ४५५८ या आठ पिनांच्या आयसीत शिरतो. आयसीचा पहिला अर्धा भाग संदेश वाढवतो. किती वाढवायचा ते दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरतं. ड्राइव्हचा पॉट पूर्ण फिरवला की एका बाजूला ५५१ किलोओहम आणि दुसऱ्या बाजूला ४.७ किलोओहम येतात, म्हणजे वाढ सुमारे ११८ पट. गिटारच्या पिकअपमधून ०.१ व्होल्ट आले, तर हिशेबानं ११.८ व्होल्ट व्हायला हवेत. बॅटरी मात्र ९ व्होल्टचीच. शिवाय आयसीच्या फीडबॅकच्या वळणमार्गात उलटसुलट तोंडांनी जोडलेले दोन सिलिकॉन डायोड बसलेले असतात. साधारण ०.६ व्होल्टला ते वाहू लागतात आणि लाटेचा माथा व तळ दोन्ही सपाट करतात. सपाट झालेल्या लाटेत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे सूर मिसळतात. ‘ड्राइव्ह’ म्हणतात तो हाच.

आता चुका पाहू. ड्राइव्हचा पॉट कितीही फिरवला तरी आवाज स्वच्छ, तितकाच, जणू पेडल नाहीच. अशा वेळी डायोडपाशी सोल्डरचा थेंब ओघळून दोन टोकं जुळली आहेत का ते बघावं. वळणमार्ग शॉर्ट झाला की वाढ एकपट उरते. एक डायोड लागलाच नसेल किंवा दोघांची तोंडं एकाच दिशेला असतील, तर लाटेची एकच बाजू छाटली जाते. दुसरी बाजू बॅटरीच्या मर्यादेपर्यंत उसळते आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा, ओबडधोबड येतो. दोन्ही डायोड तुटलेले असतील तर तो आणखी मोठा आणि रखरखीत होतो.

सर्वांत फसवा दोष रंगांचा. ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, लाल असे पट्टे असतात. तिसरा पट्टा नारिंगी असला तर तो ४७ किलोओहम, तपकिरी असला तर फक्त ४७० ओहम. पिवळ्या बल्बच्या उजेडात लाल, नारिंगी आणि तपकिरी यांची गल्लत सहज होते. नारिंगी लागला तर वाढ ११८ वरून १३ पटीच्याही खाली येते आणि ड्राइव्ह पूर्ण ठेवूनही आवाज जेमतेम खरखरतो. तपकिरी लागला तर खर्ज जवळपास तसाच राहतो, पण वरची कंपनं बेसुमार वाढतात. आवाज कर्कश होतो, मागे सूं सूं ऐकू येते आणि कधी पेडल आपणहून शिट्टी वाजवतं.

त्याच रेझिस्टरला जोडून ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो आणि त्यावर ४७३ असा अंक छापलेला असतो. हे दोन्ही मिळून सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांची वाढ क्रमानं कमी करतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. ती पूर्ण जोरानं डायोडांवर आदळली, तर इतर तारांचे सूर तिच्यात बुडून जातील. चुकून ४७४ लागला तर ही सीमा ७२ हर्ट्झवर उतरते आणि कॉर्ड वाजवली की नुसता चिखल ऐकू येतो.

ट्रान्झिस्टरची गोष्ट आपल्या बाजारपेठेशी जोडलेली आहे. मूळ आराखड्यात जपानी २एससी१८१५ आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत त्याऐवजी हाती पडतो तो बीसी५४७. कामाला तो चालतो, पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर जपान्याचे पाय एमिटर, कलेक्टर, बेस असे येतात, बीसी५४७चे कलेक्टर, बेस, एमिटर. जुन्याच्या जागी नवा तसाच खोचला की गिटारचा संदेश भलत्याच पायावर जातो आणि आवाज दबका, फाटका येतो.

शोध घेताना आधी मीटर, मग कान. ९ व्होल्टच्या बॅटरीवर आयसीच्या आठव्या पिनवर सुमारे ९ आणि चौथीवर ० व्होल्ट हवेत. पहिल्या आणि सातव्या पिनवर, म्हणजे दोन्ही भाग जिथे संपतात तिथे, निम्मे म्हणजे ४.५ व्होल्ट हवेत. लाटेला वर-खाली सारखी जागा मिळावी म्हणून हा मध्य ठेवलेला असतो. तो १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी साधला जातो. तिथला एखादा चुकीचा असेल किंवा शेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लागला असेल, तर मध्य सरकतो. ट्रान्झिस्टरच्या बेसवर मात्र मीटरचा आकडा जपून वाचावा. तिथे ५१० किलोओहममधून वीज येते, त्यामुळे जुना काट्याचा मीटर लावला की तोच त्या बिंदूवर भार टाकतो आणि आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दाखवतो.

व्होल्टेज बरोबर असूनही आवाज चुकीचा असेल, तर संदेशाच्या मागे चालत जायचं. शेतकरी पाटाच्या कडेनं जात पाणी कोणत्या बांधापर्यंत पोचलं ते बघतो, तसंच. अँप्लिफायरला जाणाऱ्या वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, म्हणजे बॅटरीची वीज अडते आणि फक्त सूर पुढे जातो. अँपचा आवाज कमी ठेवून एकानं तारा छेडायच्या आणि दुसऱ्यानं ते टोक आधी गिटारच्या इनपुट जॅकवर, मग ट्रान्झिस्टरच्या एमिटरवर, मग पहिल्या आणि सातव्या पिनवर टेकवायचं. जिथे आवाज पहिल्यांदा बिघडतो किंवा नाहीसा होतो, दोष त्याच्या आणि आधीच्या बिंदूच्या दरम्यान असतो. बोर्डावर प्लॅस्टिकच्या काडीनं हलकं टकटक केल्यावर कडकड झाली, तर ड्राय सोल्डर शोधावा.

गुणगुण ही वेगळी तक्रार. बॅटरीवर ती थांबली तर दोषी अडॅप्टर. बॅटरीवरही राहिली, तर धातूची पेटी ग्राउंडला जोडली आहे का ते बघावं. अडॅप्टर लावण्याआधी पिनही तपासावी. बहुतेक पेडलांना आतून ऋण, बाहेरून धन अशी पिन लागते. उलट लावली तर आयसी जळू शकतो.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि ऐकावं, नाहीतर कशानं सुधारणा झाली ते कळत नाही. ड्राइव्ह कमी ठेवून हळू छेडलं की सूर बऱ्यापैकी स्वच्छ आणि जोरात छेडलं की दाटसर, असा फरक हाताखाली जाणवला, तर पेडल ठीक आहे. त्यानंतरही आवाज आवडला नाही, तर तो दोष नव्हे, पसंतीचा प्रश्न. खर्ज जास्त हवा असलेली मंडळी ०.०४७च्या जागी मुद्दाम ०.१चा कपॅसिटर लावतात आणि ७२० हर्ट्झची सीमा ३४०च्या आसपास आणतात. कारण ठाऊक असेल, तर असा बदल कितीही करावा.