पॅव्हिलियन, दालन आणि मांडव

दिल्लीत ११ डिसेंबर १९५९ रोजी सुरू झालेले जागतिक कृषिप्रदर्शन नावाने शेतीचे होते. परंतु अकोला-बडनेऱ्याहून रेल्वेने तेथे जाणाऱ्या प्रवाशापुढे प्रथम उभे राही ते देशोदेशींचे वास्तुशिल्प. प्रदर्शनाचे प्रवर्तक डॉ. पंजाबराव देशमुख हे अमरावती जिल्ह्यातील पापळचे, आणि ते भरविले त्यांनीच १९५५ मध्ये स्थापिलेल्या भारत कृषक समाजाने. अमेरिकेची वास्तू मिनोरू यामासाकी यांनी रचिली होती. पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे ज्यांनी योजिले, त्यांची ही रचना मात्र एका हिवाळ्यापुरती होती.

अशा वास्तूस इंग्रजीत ‘पॅव्हिलियन’ म्हणतात. याचे मूळ लॅटिन ‘पापिलियो’, म्हणजे फुलपाखरू. पसरलेल्या पंखांच्या साम्यामुळे हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये तंबूचा वाचक झाला, तेथून उद्यानातील हलक्या इमारतीचा आणि अखेर प्रदर्शनातील वास्तूचा. या प्रवासात एक अर्थच्छटा सहसा सुटलेली नाही : प्रसंगापुरती केलेली हलकी उभारणी.

मराठीत रूढ झालेला ‘दालन’ हा प्रतिशब्द नेमकी हीच छटा गमावतो. फारसीतून आलेला हा शब्द पक्क्या इमारतीचा अंतर्भाग सुचवितो. ‘कक्ष’ तर त्याहूनही बंदिस्त.

वास्तविक वऱ्हाडास ही कल्पना नवी नव्हे. त्याच हिवाळी दिवसांत चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमची यात्रा महिनाभर चालते आणि माळावर राहुट्यांचे गावच वसते. येथे क्रियापदांकडे लक्ष द्यावे. तंबू ठोकतात, राहुटी उभारतात, मांडव घालतात; दालन मात्र बांधतात. वास्तू टिकाऊ की प्रासंगिक, हे मराठी भाषक नामाआधी क्रियापदानेच ठरवून टाकतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी कोशांतील नामे चाळली. त्यांची क्रियापदे पाहिली असती तर बरे झाले असते.

‘मंडप’ आणि ‘मांडव’ ही एकाच शब्दाची तत्सम व तद्भव रूपे. पैकी ‘मंडप’ दगडी देवळातही शिरला; लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातील मंडप काही उचलून नेता येत नाही. ‘मांडव’ मात्र बांबू, कापड आणि पालवीशीच एकनिष्ठ राहिला. त्यास लग्नाचा वास येतो, हा आक्षेप खरा. पण वेलीचाही मांडव असतोच. ‘अमेरिकेचा मांडव’ कानास खटकत असल्यास ‘मंडप’ स्वीकारावा. घातला आणि उतरविला, ही दोन्ही क्रियापदे त्यासही चालतात.