तळ्याचे पाणी आणि गिरणीतला धोटा

समाजशास्त्राचे ग्रंथ आम्ही महाविद्यालयात वाचले नाहीत. युनियनच्या कचेरीत रात्रपाळीच्या कामगारांची वाट पाहत बसलो असता जे हाती लागले ते वाचले. म्हणून प्रत्येक ग्रंथकाराला आम्ही एकच प्रश्न घालतो : महाडचे चवदार तळे कसे समजावून सांगता?

हकीकत आपणांस ठाऊक आहे. १९२४ साली नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले; २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून आलेला समुदाय तेथील पाणी प्याला. त्यावर मारहाण झाली, आणि पुढे पंचगव्याच्या एकशे आठ घागरींनी तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

मार्क्स येथे अडखळतो. १८५३ साली, म्हणजे बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्याच वर्षी, त्याने लिहिले की रेल्वेमागून येणारे कारखाने वंशपरंपरागत कामवाटणी मोडतील व तिच्यावर उभी असलेली जात ढासळेल. कारखाने आले. कोकणातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. पण जास्त पगाराच्या साळखात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. का? तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि त्यांचे उष्टे सूत इतरांच्या तोंडी कसे जाणार! १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा पुष्कळांना तो अडचणीचा वाटला.

ही ओठांची शिवाशिव दुरखाइम अधिक ओळखतो. पवित्र आणि अपवित्र यांमधली रेघ समाज विधींनी राखतो, असे तो १९१२ च्या ग्रंथात सांगतो. घागरींचा अर्थ त्याने लागतो. पण रेघेचा लाभ कुणाला, हे विचारायला पुन्हा मार्क्सकडे किंवा वेबरकडे जावे लागते. एक गट दुसऱ्यावर संधीचे दार कसे लावून घेतो, ते वेबरने दाखविले. तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात झालाच होता. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. त्याच्या आदल्या वर्षी आंबेडकरांनी लिहून ठेवले होते की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे. आम्हाला युनियनमध्ये हेच वाक्य सर्वांत उपयोगी पडले, आणि सर्वांत उशिरा कळले.

एका कारखान्यात सफाईच्या कंत्राटी कामगारांचा पगार आम्ही लढून वाढवून घेतला. हारतुरे झाले. कॅंटीनमध्ये त्यांचे पेले वेगळ्या फळीवर असतात, हे आम्हाला दोन वर्षांनी दिसले. करारात पेल्यांचे कलम घालायचे आम्हाला सुचलेच नव्हते.