गुडघ्याची वाटी फुटली तर

परवा बांधावरून पडलेले एक शेतकरी माझ्याकडे आले. गुडघा सुजलेला, पाय सरळ ठेवून उचलता येईना. एक्स-रेत वाटीचे दोन तुकडे दिसले. “डॉक्टर, नुसतं प्लास्टर नाही का चालणार?” त्यांनी विचारले.

नाही. मांडीचा स्नायू वरचा तुकडा ओढून धरतो. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ बारीक सळया आणि इंग्रजी आठच्या आकाराची तार घालून तुकडे आवळतात. पुढे तार कातडीखाली टोचू शकते. हाड जुळल्यावर ती काढता येते. मात्र जखमेतून पू, ताप किंवा वाढती वेदना असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भीतीपोटी सांगितलेला व्यायाम टाळू नये. गुडघा आखडला, तर मांडी घालून जेवायला बसणेही कठीण होते.