बाळू पालवणकरांना पाहिलेली माणसे

पेणजवळच्या आमच्या जोह्यात गणपतीच्या कारखान्यांत आखणीचे, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायचे, दिवस आले की कामाच्या जोडीला क्रिकेट असतेच. पूर्वी रेडिओ होता, आता मोबाइल. हात मूर्तीवर आणि कान सामन्याकडे. या गप्पांत कुणी म्हणाले, "मी त्याला वानखेडेवर स्वतः खेळताना पाहिलंय," की बाकीच्यांचे वाद थांबतात. आकडे सगळ्यांनाच पाठ असतात, पण पाहिलेल्या माणसाचा मान वेगळा. खेळाडूंइतकेच त्यांना पाहणाऱ्यांचे कुतूहल मला तेव्हापासून आहे. म्हणूनच मी युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान संघांच्या जुन्या चौरंगी सामन्यांच्या काळात शिरलो आणि बाळू पालवणकर या गोलंदाजापाशी अडकलो. त्यांना पाहिलेला माणूस आता शोधून सापडणार नाही. त्या माणसांनी काय पाहिले, ते मात्र शोधता येते.

बाळूंची कारकीर्द वाचकांना ढोबळपणे ठाऊक असेल. जन्म १८७६, धारवाडचा. वडील पलटणीत शिपाई. घराणे चर्मकार समाजातले, मूळ कोकणातले. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचे काम, महिना ३ रुपये. तिथून गोऱ्यांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर. तिथे सरावाला त्यांच्या हाती चेंडू मिळाला आणि डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. जे. जी. ग्रेग हा युरोपियनांचा नामांकित फलंदाज इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी टाकायला लावी. बाद केले की आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. या क्लबात बाळूंनी तासन्‌तास चेंडू टाकले, पण हाती बॅट कधी कुणी दिली नाही. मला आठ आण्यांच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची वाटते. बॅट साहेबाची आणि घाम नोकराचा, हा त्या क्लबाचा कायदाच होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बऱ्याच वादानंतर बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातात घेत. चहाच्या सुट्टीत मात्र संघ आत बसे आणि बाळूंना चहा बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. म्हणजे सामना बघायला आलेल्या माणसाला एकाच दुपारी दोन बाळू दिसत. एक, ज्यांच्या चेंडूपुढे साहेबाची दांडी उडायची. दुसरे, बाहेर एकटे चहा पिणारे. पहिल्या बाळूंसाठी टाळ्या पडल्या. दुसऱ्याकडे पाहून किती जणांनी मान फिरवली असेल, याचा हिशेब कोणत्याही धावफलकात नाही. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याला त्यांनी लोळवल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, असा सवाल पुणेकरांपुढे ठेवला. त्या काळच्या पुण्यात हे बोलायला धैर्य लागत होते.

१८९६च्या सुमारास प्लेगच्या धामधुमीत पालवणकर मुंबईला आले. इथेही हिंदू जिमखान्यातल्या काही सभासदांनी त्यांना घ्यायला विरोध केला, तो मोडून काढावा लागला. मग आला फेब्रुवारी १९०६चा सामना, हिंदू विरुद्ध युरोपियन. जागा बॉम्बे जिमखाना. तिथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते, म्हणून आपले प्रेक्षक मैदानाच्या कडेला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. विजय १०९ धावांनी. बाळूंचे एकूण ८ बळी, आणि धाकटा भाऊ शिवरामही त्याच संघात. बंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असताना मुंबईकरांनी राज्यकर्त्यांना समोरासमोर हरताना पाहिले.

या विजयावरचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला कागद क्रीडावृत्त नाहीच. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने त्याच महिन्यात लिहिलेला तो मजकूर आहे. पुण्यात बाहेर चहा घेणारे हे भाऊ मुंबईत सहकाऱ्यांच्या पंगतीत जेवतात, हा खरा विजय, असा त्याचा रोख. सामना बघायला हजारो होते. चहाची जागा बदललेली टिपणारा हा एक.

पुढे १९११. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला आणि बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र वयाच्या पस्तिशीत दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८, लेस्टरशायरला हरवले त्या सामन्यात ११. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने सत्कार केला. त्यातल्या मानपत्राशी भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याचे नाव जोडले जाते. बाळूंच्या सर्व चाहत्यांत हा चाहता मला सर्वांत मोठा वाटतो. पुढे दोघांच्या राजकीय वाटा फुटल्या आणि १९३७च्या निवडणुकीत ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेब जिंकले. त्या लढतीने आधीचे कौतुक खोटे ठरत नाही.

इतका खेळूनही बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद रीतसर कधी मिळाले नाही. १९२०मध्ये तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून अंग काढून घेतले. वर्तमानपत्रांतून भांडण रंगले, जातीचा मुद्दा उघड बोलला गेला, आणि अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकप्तान म्हणून बोलवावे लागले. निवड समितीला हे शहाणपण आपोआप सुचले नाही. ते भावांच्या हट्टामुळे आणि लोकांच्या रेट्यामुळे आले.

१९२३ साली कप्तान झाले विठ्ठल. संघ जिंकला आणि सवर्ण हिंदूंनी त्यांना खांद्यावर उचलून मिरवले. ते पाहून आनंदलेल्या एका प्रेक्षकाने त्याबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहिले. आमच्या पेण-रोह्याकडच्या माणसाला तेव्हा मुंबई गाठायची तर धरमतरहून बोट धरावी लागे. तरी ही बातमी वाडीवाडीत पोचली असेलच. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय बेसबॉलपटू वर्णभेदाची भिंत मोडत १५ एप्रिल १९४७ला ब्रुकलिनच्या मैदानात उतरला, त्या दिवसाच्या प्रेक्षकांच्या आठवणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. आपला १९०६चा सामना त्याच्या ४१ वर्षे आधीचा.

या साऱ्याची आपल्या भाषेतली मोठी साक्ष विठ्ठल यांचीच. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचे पुस्तक १९४८मध्ये आले. शाळकरी वयात बॉम्बे जिमखान्याचे सामने बाहेर उभे राहून पाहणारा हा मुलगा पुढे त्याच मैदानावर कप्तान म्हणून उतरला. बाळूंचा तो भाऊ, शिष्य आणि जवळून पाहणारा प्रेक्षकही होता. इतिहासकार रामचंद्र गुहांनी इंग्रजीत पालवणकरांची कहाणी जगापुढे नेली ती या मराठी पुस्तकाचा आधार घेऊन. मराठी वाचकाने मात्र ती इंग्रजीतून परत आल्यावर ओळखली, याचे मला वाईट वाटते.

बाळू ४ जुलै १९५५ला गेले. चौरंगी, पंचरंगी सामने पाहिलेल्या आजोबा-पणजोबांच्या वह्या, पत्रे, कात्रणे तुमच्या माळ्यावर असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला द्या. आणि कुणा प्रकाशकाच्या नजरेला हा लेख पडला, तर विठ्ठल पालवणकरांचे पुस्तक चांगल्या टिपांसह नव्याने छापा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या वाचनालयात ते असायला हवे.