नाव मागे पडलं, काम चालू आहे: स्मॉलटॉकबद्दलचे गैरसमज

संगणकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे चार खांब सांगा. एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम असं घडाघडा म्हणून विद्यार्थी मोकळे होतात. ही विचारसरणी आली कुठून, असं पुढे कुणी विचारलंच, तर उत्तर बहुधा 'सी प्लस प्लस' नाहीतर 'जावा' असतं. स्मॉलटॉकचं नाव निघालं तरी 'जुनी, संथ, संपलेली भाषा' एवढ्यावर विषय मिटतो.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीचं 'पार्क' हे संशोधन केंद्र होतं. तिथे १९७०च्या दशकात ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा घडवली. १९७२ पासून तिच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या आणि बाहेरच्या जगाला मिळाली ती स्मॉलटॉक-८०. तिच्याबद्दलचे सहा समज तपासून पाहू.

गैरसमज १: स्मॉलटॉक ही पहिली ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा.

वस्तुस्थिती: हा मान नॉर्वेच्या सिम्युला ६७ या भाषेचा. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी ती तयार केली. क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या तिन्ही गोष्टी तिच्यात होत्या. सी प्लस प्लसनेही क्लासची कल्पना थेट सिम्युलाकडूनच घेतली. डाल आणि नीगार्ड यांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, ॲलन के यांना २००३चा. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्दप्रयोग मात्र के यांचा, आणि ही कल्पना शेवटच्या टोकापर्यंत नेली तीही स्मॉलटॉकने. तिच्यात आकडा ऑब्जेक्ट असतो, क्लासही ऑब्जेक्टच असतो आणि चालू असलेला प्रोग्रामसुद्धा ऑब्जेक्ट म्हणून हाताळता येतो.

गैरसमज २: ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे क्लास आणि इनहेरिटन्स.

वस्तुस्थिती: स्मॉलटॉक-७२ मध्ये इनहेरिटन्स नव्हतंच, ते आलं स्मॉलटॉक-७६ मध्ये. के यांनी पुढे अनेकदा बजावलं की सगळा भर ऑब्जेक्टवर गेला आणि खरा गाभा, म्हणजे ऑब्जेक्ट एकमेकांना पाठवतात तो संदेश, बाजूला पडला.

हा गाभा प्रत्यक्ष पाहायचा तर स्मॉलटॉकमध्ये ३ + ४ * २ एवढंच टाइप करून पाहावं. शाळेच्या गणिताने उत्तर ११ यायला हवं, स्मॉलटॉक १४ सांगते. ही चूक नव्हे. इथे ३ या ऑब्जेक्टला '+ ४' हा संदेश जातो, त्यातून ७ हा नवा ऑब्जेक्ट मिळतो आणि त्याला '* २' हा संदेश जातो. गुणाकार आधी करावा हा नियम भाषेला ठाऊकच नाही. तिला ठाऊक आहेत फक्त संदेश, आणि + किंवा * असे एकाच प्रकारचे संदेश ती डावीकडून उजवीकडे घेते.

'इफ'चंही तसंच. भाषेत 'इफ' नावाचा राखीव शब्दच नाही. 'इफट्रू' हा एक संदेश आहे. तो 'ट्रू' या ऑब्जेक्टला मिळाला की सोबत आलेला कोड तो चालवतो आणि 'फॉल्स'ला मिळाला की तो काहीच करत नाही. वेगासाठी कंपायलर इथे आडवाट धरतो, पण भाषेचा हिशेब हाच. म्हणूनच तिचे राखीव शब्द अवघे सहा आहेत आणि एरवी भाषेत ठोकून बसवलेल्या कितीतरी गोष्टी इथे प्रोग्रामरला उघडून, वाचून, बदलता येतात.

गैरसमज ३: खिडक्या आणि माऊसचा संगणक ॲपलने शोधला. किंवा याच्या अगदी उलट: ॲपलने तो झेरॉक्सकडून चोरला.

वस्तुस्थिती: माऊस पार्कच्याही आधीचा. डग्लस एंगेलबार्ट यांनी तो १९६८ मध्ये जाहीरपणे दाखवला होता. एकावर एक येणाऱ्या खिडक्या आणि जागच्या जागी उघडणारे मेनू मात्र पार्कमध्ये, स्मॉलटॉकच्या अंगणात वाढले.

डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स आणि त्यांचे सहकारी तिथे आले, तेव्हा त्यांना जे दाखवलं गेलं ते स्मॉलटॉक होतं. ही भेट चोरून झालेली नव्हती. भांडवली बाजारात येण्यापूर्वीच्या ॲपलचे एक लाख शेअर झेरॉक्सला घेता आले, त्या व्यवहाराचा ती भाग होती. पडद्यावरचा मजकूर धक्क्याधक्क्याने सरकतो हे जॉब्स यांना खटकलं. तो सलग सरकेल का, असं त्यांनी विचारलं. के यांनी लिहून ठेवलंय की इंगल्स यांनी संबंधित कोड शोधला, बदलला आणि एका मिनिटाच्या आत मजकूर सलग सरकू लागला. संगणक बंद केला नाही, प्रोग्राम नव्याने चालू केला नाही. पुढे जॉब्स यांनीच एका मुलाखतीत कबूल केलं की पडद्यावरच्या चित्रांनी आपले डोळे दिपले आणि त्यामागचं ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग दिसलंच नाही.

ॲपलकडे ते उशिरा, वळसा घेऊन आलं. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८०च्या दशकात सी भाषेवर स्मॉलटॉकची संदेशपद्धत चढवून ऑब्जेक्टिव्ह-सी तयार केली. जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने ती उचलली आणि नेक्स्ट ॲपलमध्ये विलीन झाल्यावर ती मॅकमध्ये आली. २००७चा आयफोन याच पायावर उभा राहिला.

गैरसमज ४: स्मॉलटॉक संथ होती, म्हणून मागे पडली.

वस्तुस्थिती: सुरुवातीला ती संथ होती हे खरं. कोणता संदेश कोणता कोड चालवणार हे प्रोग्राम चालू असतानाच ठरतं, आणि तो शोध दरवेळी घ्यावा लागतो. पण या दुखण्यावर जे उपाय निघाले, त्यांच्यावर आज इंटरनेटचा मोठा भाग चालतो.

१९८४ मध्ये एल. पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी दोन युक्त्या मांडल्या. पहिली, एखादा कोड प्रथम लागेल तेव्हाच त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करायचं आणि ते जपून ठेवायचं. दुसरी, संदेश जिथून पाठवला जातो तिथेच मागच्या शोधाचं उत्तर नोंदवून ठेवायचं, कारण पुढच्या वेळी बहुधा तेच उत्तर लागतं. त्याच वर्षी डेव्हिड अंगर यांनी नव्या आणि जुन्या ऑब्जेक्टची वेगळी विभागणी करून नको असलेली मेमरी झटपट मोकळी करण्याची रीत मांडली. पुढे अंगर आणि रँडल स्मिथ यांनी स्मॉलटॉकमधून क्लास काढून टाकून 'सेल्फ' ही भाषा केली, आणि तिच्यासाठी या युक्त्या आणखी धारदार झाल्या.

पुढचा माग तर सरळच आहे. स्मॉलटॉकची 'स्ट्राँगटॉक' ही वेगवान आवृत्ती करणारी छोटी कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये विकत घेतली आणि ते तंत्र जावाच्या हॉटस्पॉट इंजिनात उतरलं. त्या चमूतले लार्स बाक यांनी नंतर गूगलमध्ये व्ही-८ हे इंजिन उभं केलं. क्रोममध्ये आज जावास्क्रिप्ट पळते ती व्ही-८च्या जोरावर, आणि खुद्द जावास्क्रिप्टची ऑब्जेक्टची कल्पना सेल्फकडून आलेली आहे.

स्मॉलटॉक मागे पडण्याची कारणं बाजारात सापडतात. चांगल्या आवृत्त्यांचे परवाने महाग होते. १९९५ मध्ये जावा फुकट आली, आणि स्मॉलटॉकची मोठी पाठीराखी असलेली आयबीएम तिकडे वळली. गंमत अशी, की आयबीएमचं 'व्हिज्युअल एज फॉर जावा' हे साधनच मुळात स्मॉलटॉकमध्ये लिहिलेलं होतं.

आणखी एक अडचण तिच्या घडणीतच होती. स्मॉलटॉकमध्ये कोडच्या सुट्या फायलींऐवजी सगळा चालू कारभार 'इमेज'मध्ये साठतो. दुकानाचं शटर ओढून घरी जावं आणि सकाळी उघडल्यावर वहीतली अर्धवट ओळसुद्धा जिथल्या तिथे मिळावी, असा हा प्रकार. एकट्याला फार सोयीचा. पण फायलींवर चालणाऱ्या बाकीच्या साधनांशी त्याचं जमत नसे.

गैरसमज ५: युनिट टेस्टिंग, रिफॅक्टरिंग, एमव्हीसी या गोष्टी जावाच्या काळात आल्या.

वस्तुस्थिती: एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) ही रचना नॉर्वेच्या ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ मध्ये पार्कमध्ये पाहुणे म्हणून राहिले असताना मांडली. केंट बेक यांनी स्मॉलटॉकसाठी 'एसयुनिट' हे युनिट टेस्टिंगचं साधन लिहिलं. १९९७ मध्ये ते आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी निघाले असताना, विमानातच दोघांनी मिळून त्याचा जावा अवतार लिहायला घेतला. तोच 'जेयुनिट'. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या कार्यपद्धतीचा प्रसिद्ध प्रयोग, म्हणजे क्रायस्लर कंपनीची पगारप्रणाली, स्मॉलटॉकमध्येच होती. कोडचं वागणं न बदलता त्याची रचना सुधारणारं पहिलं गाजलेलं साधन, 'रिफॅक्टरिंग ब्राउझर', इलिनॉय विद्यापीठात स्मॉलटॉकसाठीच झालं. १९९४च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथातली उदाहरणंही सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉक यांतली आहेत.

गैरसमज ६: ती मुलांच्या खेळातली भाषा होती, आणि आता मेली.

वस्तुस्थिती: मुलांसाठी ती होती हे खरं, पण मुलांपुरतीच कधीच नव्हती. जेपी मॉर्गन बँकेची 'कॅपिटल' ही जोखीम मोजणारी प्रणाली स्मॉलटॉकमध्ये लिहिली गेली. मुलांच्या बाजूने पाहिलं तर १९९६ मध्ये के आणि इंगल्स यांच्या चमूने 'स्क्वीक' ही मुक्त आवृत्ती काढली, आणि २००७ मध्ये आलेलं 'स्क्रॅच' आधी त्यावरच उभं होतं. शाळकरी मुलं रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम लिहितात ते हेच. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये स्क्वीकवरचं 'ईटॉइज' असे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत हे लॅपटॉप आले होते. तेव्हा स्मॉलटॉकचं वारं महाराष्ट्रातल्या वाडीपर्यंत पोचलं होतं, फक्त नाव कुणी घेतलं नाही. स्क्वीकमधून २००८ मध्ये फुटलेली 'फारो' ही आवृत्ती आजही नेमाने निघते.

नोकरीच्या जाहिराती मोजल्या तर स्मॉलटॉक हरली; पण रोज वापरातली साधनं उघडून पाहिली, तर तिच्याइतकं थोड्या भाषांनी दिलं आहे. ज्यांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवायचं किंवा शिकायचं आहे, त्यांनी चार खांब पाठ करण्याआधी फारो उतरवून घ्यावं आणि एक संध्याकाळ त्यात घालवावी. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.